चार सळया आणि तांब्याभर पाणी

पाबळच्या माळावर एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर चार लोखंडी सळया ठोकल्या जात आहेत. माती इतकी कोरडी आहे की तिच्यातून वीज नीट जात नाही, म्हणून पाणी शोधायला आलेली विज्ञान आश्रमाची ही मुले आधी प्रत्येक सळईच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओततात.

बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजायचा, एवढीच ही रीत. सळयांमधले अंतर वाढवत नेले की वीज अधिक खोल उतरते आणि खालच्या थरांचा अंदाज येऊ लागतो. अखंड काळा पाषाण विजेला जोराने अडवतो; भेगाळलेला, पाणी धरून असलेला खडक तितका अडवत नाही. वर्गात कधी पाठ न झालेला ‘दोन पाय’ (2π) इथे प्रत्येक वाचनाच्या गुणाकारात येतो, आणि हाच गुणाकार चुकला तर शेतकऱ्याची बोअर चुकते, हे मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील या अवर्षणग्रस्त गावात हा विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्धवट सुटलेली मुले हाताने काम करता करता विज्ञान शिकतात आणि गावाला लागणारी सेवा मोबदला घेऊन देतात, हा त्यांचा आग्रह होता. एका वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात म्हणूनच वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन आणि अन्नप्रक्रिया एकाच विद्यार्थ्याच्या हाताखालून जातात. एकाच कामावर पोट असलेला माणूस दुष्काळात आधी उघडा पडतो. त्यामुळे ही सरमिसळ आम्हाला गोंधळाची नव्हे, शहाणपणाची वाटते.

तळहातावर नारळ धरून चालणारा पाणाड्या आजही बोलावला जातो, आणि त्याच्यावर हसण्याचे कारण नाही, कारण हे यंत्रही पाण्याची हमी देत नाही. ते फक्त कुठे खोदू नये, हे बऱ्यापैकी सांगते. कोरडी गेलेली बोअर म्हणजे डोक्यावरचे कर्ज, आणि लागलेल्या प्रत्येक बोअरमागे भूजल आणखी खाली जाते, हेही इथे नोंदवले पाहिजे.

शेवटचे वाचन वहीत उतरले आहे. बांधावर बसून मुलगी आलेखाचे ठिपके जोडते. रेघ आधी चढते, मग एका ठिकाणी वाकून खाली येते, आणि शेतकरी उठून तिच्या खांद्यावरून वहीत डोकावतो.