फिलाडेल्फियाला उतरायला हवं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या सहलीला निघालेल्यांच्या हातातला कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल. न्यूयॉर्कला तीन रात्री, वॉशिंग्टनला दोन, पुढे नायगारा. आणि मध्येच एका ओळीत, 'जाता जाता फिलाडेल्फिया'. बस थांबते, मंडळी लिबर्टी बेल या तडा गेलेल्या ऐतिहासिक घंटेसमोर फोटो काढतात आणि तासाभरात पुन्हा बसमध्ये चढतात. सोळा लाख वस्तीचं, लोकसंख्येने अमेरिकेतल्या पहिल्या सहा शहरांतलं हे शहर. ते असं उभ्या उभ्या उरकलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझी धाकटी बहीण तिथे राहते. तिच्या बाळंतपणाला मी तीन महिने तिच्याकडे होते. बाळ-बाळंतीण झोपल्या की मी रोज पायी फिरायला बाहेर पडायची. त्या पायपिटीत जे शहर दिसलं, ते आज सांगायचं आहे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा १७७६ चा जाहीरनामा इथला, १७८७ ची राज्यघटनाही इथलीच, आणि दोन्ही एकाच इमारतीतल्या. १७९० ते १८०० ही दहा वर्षं देशाची राजधानी इथे होती. मग ती वॉशिंग्टनला गेली. १८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि पश्चिमेकडचा माल थेट न्यूयॉर्कच्या बंदरात उतरू लागला. सत्ता एका दिशेला गेली, पैसा दुसऱ्या दिशेला, आणि फिलाडेल्फिया लोकांच्या लेखी दोघांमधलं एक स्टेशन होऊन राहिलं.

हे शहर विल्यम पेनने १६८२ साली वसवलं. लंडनमधली १६६५ ची प्लेगची साथ आणि पुढच्याच वर्षीची ती भयंकर आग, दोन्ही त्याच्या तरुणपणातल्या. म्हणून नव्या शहराचे रस्ते त्याने काटकोनात आखले, पाच मोकळे चौक राखले आणि रस्त्यांना झाडांची नावं दिली. चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. प्रत्येक घर आपापल्या जागेच्या मधोमध असावं, भोवती बाग असावी, अशी त्याची फार इच्छा होती. लोकांनी मात्र नदीकाठ सोडला नाही. जमिनीचे तुकडे पडत गेले, मोठ्या रस्त्यांच्या पोटात बोळ निघाले आणि त्या बोळांत चिमुकली घरं उभी राहिली.

त्यातल्या एका प्रकाराच्या घराला तिथे 'ट्रिनिटी' म्हणतात. तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर एकच खोली. ख्रिस्ती धर्मातले पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे, म्हणून ट्रिनिटी. बहिणीचं तेव्हाचं भाड्याचं घर असंच होतं. स्वयंपाकघर तळघरात, त्यावर बैठकीची खोली, त्यावर तिची, आणि सगळ्यात वर माझी. जिना इतका अरुंद आणि गोल फिरणारा, की पायरीच्या आतल्या टोकाला बोटही टेकत नाही. बाळाला खांद्याशी धरून उतरताना मी एक हात भिंतीला लावून, पाऊल आडवं टाकत उतरायची. मोठं कपाट या जिन्याने वर जातच नाही, ते खिडकीतून दोराने चढवावं लागतं. मजूर-कारागिरांसाठी बांधलेली ही घरं, पण भर शहरात आजही नांदती आहेत. एल्फ्रेथ्स ॲली नावाच्या बोळात तर अठराव्या शतकातली घरं आहेत, आणि त्यांच्या खिडक्यांत संध्याकाळी दिवे लागतात.

घरांना अंगण नाही, पण दारात दोन-तीन पायऱ्या असतात. आपण ओट्यावर बसतो तशी माणसं तिथे बसलेली असतात. दुसऱ्याच आठवड्यात समोरच्या आजी मला हाक मारून बाळाची विचारपूस करू लागल्या. एवढ्या मोठ्या शहरात ही जवळीक कशी टिकली, याचा मी तेव्हा खूप विचार केला. घरं बुटकी राहिली, हे मला त्याचं एक कारण वाटतं. शहराच्या मध्यभागी सिटी हॉलच्या शिखरावर पेनचा ३७ फुटी पुतळा आहे. त्याच्या टोपीपेक्षा उंच इमारत बांधायची नाही, हा अलिखित संकेत १९८७ पर्यंत सगळ्यांनी पाळला.

सिटी हॉलपासून चालत पाच-सात मिनिटांवर रेडिंग टर्मिनल मार्केट आहे, १८९३ पासूनचं. वर रेल्वेचं स्टेशन आणि खाली बाजार, अशी ती रचना. गाड्या १९८४ मध्ये बंद झाल्या, बाजार चालू राहिला. लँकेस्टरकडचे आमिश, म्हणजे जुन्या साध्या रीतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे शेतकरी, इथे दुकानं लावतात. पांढरी टोपी बांधलेली एक मुलगी कणकेचा लांब दोर वळते, दोन्ही टोकं धरून एक झटका देते आणि गाठ मारून पाटावर ठेवते. हे प्रेट्झेल, अगदी आपलं कडबोळं, फक्त तळहाताएवढं मोठं आणि तळण्याऐवजी भाजलेलं. भट्टीतून निघालं की वरून लोणी. रविवारी ही मंडळी दुकान उघडत नाहीत, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत जा.

या शहराने वाईट दिवसही पाहिले. १९५० मध्ये इथली वस्ती वीस लाखांच्या वर होती. मग एकेक कारखाना बंद पडत गेला. जुन्या प्रवाशांना आपल्या रेल्वेची डब्ल्यूपी इंजिनं आठवत असतील, गोल नाकाची, त्यावर तारा असलेली. त्यातली पहिली १९४७ मध्ये बाल्डविन कंपनीने बांधून पाठवली होती. ती कंपनी या शहरात वाढली, पुढे जवळच्या एडिस्टोनला हलली आणि १९५६ मध्ये तिने इंजिनं बांधणं थांबवलं. क्लीव्हलंड, सेंट लुइस, बाल्टिमोर यांचीही कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे, आणि तीही शहरं अशीच नजरेआड होतात. फिलाडेल्फियात ओसाड भिंती रंगांच्या फवाऱ्यांनी खराब करणाऱ्या मुलांच्याच हाती १९८४ पासून ब्रश दिले गेले. आज तिथे चार हजारांवर भित्तिचित्रं झाली आहेत. एखादं घर पडून उघडी झालेली तीन मजली भिंत आणि तिच्यावर त्याच गल्लीतल्या माणसांचे चेहरे, अशी चित्रं मी थांबून थांबून पाहिली.

कलासंग्रहालयात गेलात तर दक्षिण भारताच्या दालनाला विसरू नका. मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिराच्या मंडपाचे दगडी खांब तिथे उभे आहेत. १९१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बाईंनी ते विकत घेऊन इकडे आणले. अमेरिकेतल्या थंडीत त्या खांबांमधून चालताना मला गलबलून आलं. ते त्यांच्या गावी असते तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

आणि आपल्या आनंदीबाई जोशी इथेच डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या बसमधून उतरणाऱ्या किती जणांना ते आठवतं? स्त्रियांना वैद्यकीय पदवी देणारं कॉलेज या शहरात १८५० मध्येच निघालं होतं. एकोणीस संपायच्या आत आनंदीबाई तिथे पोचल्या. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात आनंदीबाई गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. याच शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलिएट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर पीएचडी केली.

आनंदीबाईंच्या कॉलेजातला १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे. तिघी विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात. जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या सबात इस्लामबूली आणि साडी नेसलेल्या आनंदीबाई. ते कॉलेज पुढे ड्रेक्सेल विद्यापीठात सामील झालं आणि फोटो आता त्यांच्या संग्रहात आहे. आनंदीबाई नजर रोखून समोर पाहत आहेत. माझ्या परतीच्या आदल्या संध्याकाळी बहिणीने तो फोटो संगणकावर काढला आणि मांडीवरच्या लेकीला आनंदीबाईंवर बोट ठेवून म्हणाली, "ही बघ, ही आपल्याआधी इथे आलेली."