इमारतीआधी स्टेशन पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई महानगर प्रदेशात घर शोधणारी बहुतेक कुटुंबे आधी बजेट ठरवतात, मग त्यात बसणारी इमारत पाहतात आणि रोजच्या प्रवासाचा विचार सर्वात शेवटी करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. या महानगरात नुसत्या किलोमीटरांवरून काहीच कळत नाही. आपली लाइन कोणती, स्टेशनवर जलद गाडी थांबते की नाही आणि गाडी तिथूनच सुटते की मागून भरून येते, यावर दिवसाचे गणित ठरते. डोंबिवलीहून सुटणारी लोकल धरणाऱ्याला बसायला जागा मिळण्याची आशा असते; बदलापूर किंवा कर्जतहून आलेल्या गाडीत तोच माणूस दारात लोंबकळतो. बोरिवलीकराने संध्याकाळी चर्चगेटहून विरार गाडीत चढणे धाडसाचेच, कारण उतरण्यासाठी दारापर्यंत सरकेस्तोवर बोरिवली मागे पडते, आणि विरारकरांची बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

नोकरी अंधेरीला असेल, तर दादरला गाडी बदलण्याच्या त्रासाला कंटाळून पश्चिम उपनगरातच घर हवे, असा हट्ट धरण्याचे कारण आता उरलेले नाही. २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर हा चांगला पर्याय आहे. ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करणाऱ्यांना ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गामुळे ठाणे सोयीचे पडते. मात्र ‘ठाणे’ हे नाव ऐकून भुलू नये. घोडबंदर रोडवरच्या अनेक वसाहती ठाण्याच्या नावाने विकल्या जातात, पण तिथून स्टेशन गाठण्यासाठी वाहतूक कोंडीत जो वेळ जातो, तो जाहिरातीत कुणी मोजत नाही. म्हणून घर पाहायला रविवारी दुपारी न जाता कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास जावे, आणि त्या दारातून निघून कार्यालयाच्या दारापर्यंत प्रत्यक्ष प्रवास करून पाहावा. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग किती लांब आहे आणि पूर्वेकडून पश्चिमेला जायला पूल कुठे आहे, हेही तेव्हाच कळते.

दुसरी बाब पाण्याची, दोन्ही अर्थांनी. नळाला पाणी किती वेळ येते आणि सोसायटीत टँकर येतात का, हे एजंटापेक्षा वॉचमनला विचारलेले बरे. पावसाच्या पाण्याबद्दल तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशांना विचारावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाणी कुठवर चढले होते, हे मिठी नदीच्या आसपास कुर्ला-कलिन्याला राहणारे भिंतीवर हात ठेवून दाखवतात. बदलापूरकडे नदीकाठच्या स्वस्त घराचा मोह झाला, तर उल्हास नदीच्या २००५ आणि २०१९ च्या पुरांची चौकशी अवश्य करावी.

शाळा, बाजार, दवाखाना यांविषयी वेगळे सांगायला नको. ते आपण पाहताच.

शक्य असेल, तर घर विकत घेण्याआधी त्याच भागात अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहून पाहावे. अनामत रक्कम अडकून राहते आणि एजंटाची दलाली जाते खरी, पण कर्जाच्या वीस वर्षांपुढे तो खर्च किरकोळ आहे. करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी झालेली असावी. महाराष्ट्रात ती कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि करार मे महिन्याच्या आत सुरू करावा, म्हणजे सबंध पावसाळा त्यात येईल.

नमस्कार.