फाल्गुनात सायकलवरून विद्यापीठ परिसर

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात वसंत फार दिवस मुक्काम करत नाही. होळी उलटली की ऊन चढतं आणि मार्च सरता सरता पारा चाळिशीला टेकतो. झाडं बघायची ती याच आठवड्यांत, आणि सायकलवरून. पायी एवढा पट्टा एका सकाळी होत नाही आणि गाडीवरून कडुलिंबाच्या मोहराचा वास कळत नाही.

मार्चच्या मध्यावर सव्वासहा-साडेसहाला सूर्य वर येतो. महाराजबागेपासून निघा. 1906 सालापासूनचं कृषी महाविद्यालय तिथंच आहे. पुढे लॉ कॉलेज चौक, रविनगर, विद्यापीठाचा परिसर, मग भरतनगरवरून फुटाळा आणि शेवटी सेमिनरी हिल्स.

सायकल थंडीभर पडून असेल तर आदल्या संध्याकाळीच हवा भरा. ट्यूबच्या रबरातून हवा आपोआप झिरपत असते. किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. हवा कमी राहिली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चेंगरते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशी जोडचीर दिसली तर काटा शोधत बसू नका. सायकल उन्हात उभी करणंही टाळा, तापलं की जुन्या पॅचचं सोल्युशन सैल पडतं.

चेन कोरड्या कापडानं पुसा, प्रत्येक सांध्यावर एकच थेंब तेल द्या, पेडल उलटं फिरवा आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. ते राहू दिलं तर धूळ चिकटते आणि चेन, दाते दोन्ही झिजतात.

आता रस्ता. या दिवसांत वळणांवर वाळक्या पानांचा थर असतो आणि त्याखाली बारीक रेती. वळणाआधीच वेग कमी करा, पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. काटेसावरीची फुलं जाड, गरदार असतात, चाकाखाली चिरडली की निसरडं होतं.

सेमिनरी हिल्सला गिअर चढ लागायच्या आधी हलका करा. जोर लावून बदलला तर चेन उतरते. दम लागला तर बिनधास्त उतरा, पळस जवळून बघायचा तर उतरावंच लागतं. फुलाच्या तळाशी काळपट मखमली वाटी, वर चोचीसारखी वाकलेली केशरी पाकळी. वास नाही, पण मध भरपूर, म्हणून मैना, बुलबुल आणि शिंजीर यांची तिथं झुंबड असते. पिंपळाची नवी पालवीही पाहा. तांबूस रंग कोवळ्या पानाचं कडक उन्हापासून रक्षण करतो. तेवढ्यात तांबटाचं टुक्‌टुक् कानावर येतंच.

पाण्याची बाटली लिटरची घ्या, तहान लागायची वाट न पाहता घोट घोट प्या, आणि आठपर्यंत घरी या. बहाव्याला अजून अवकाश आहे. तो एप्रिल-मेमध्ये फुलतो, तेव्हा मात्र साडेपाचलाच निघावं लागेल.