गुपित न ठेवणारा गरवणारा : रिचर्ड वॉकर

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'वॉकरकडून आपण काय घ्यावं'. वॉकर म्हणजे इंग्लंडचा नावाजलेला गरवणारा, गळाने मासे धरणारा. तिकडे येतोच. पण आधी १३ सप्टेंबर १९५२ची पहाट सांगायला हवी. इथल्या निम्म्या लोकांना ती माहीत आहे. त्यांनी पुन्हा ऐकावी, ती पुन्हा ऐकण्यासारखीच आहे.

इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरमध्ये रेडमायर नावाचं एक तळं आहे. जेमतेम तीन एकर. १९३४ साली त्यात कार्पची ५० छोटी पिल्लं सोडली होती. कार्प म्हणजे आपल्या धरणांवर ज्याला 'सायप्रिनस' म्हणतात तोच मासा. त्या काळी तिकडे समज असा, की मोठा कार्प गळाला लागत नाही. लागला तर नशीब. १९५१ साली त्याच तळ्यात ३१ पौंड ४ औंसांचा मासा निघाला आणि विक्रम झाला. पुढच्या वर्षी, त्या १३ सप्टेंबरच्या पहाटे, वॉकरने ४४ पौंडांचा काढला, म्हणजे जवळजवळ २० किलोचा. नशीब एका उडीत पावणेतेरा पौंडांनी वाढत नाही. तो मासा मारलाही नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचवला, तिथे त्याचं नाव पडलं क्लॅरिसा, आणि १९७१पर्यंत तो लोकांना बघायला मिळाला.

मासा मोठा होता हे खरंच, पण मला त्याहून मोठं वाटतं ते आमिष. पावाचा कडक पापुद्रा आणि मळलेला पाव, दोन्ही एकाच गळावर. का? रेडमायरच्या तळाशी शेवाळ आणि मऊ गाळ. नुसता पिठाचा गोळा टाकलात तर तो त्यात रुतून बसतो, माशाला दिसतही नाही. नुसता पापुद्रा वर तरंगतो. दोन्हींचं प्रमाण असं ठेवायचं, की आमिष जेमतेम बुडेल आणि शेवाळावर अलगद टेकेल. घरी करून बघा: पेल्यात तळ्याचंच पाणी घ्या, गळासकट आमिष सोडा. धाडकन बुडालं तर पीठ कमी करा, तरंगलं तर थोडं वाढवा. अडचण एकच, पापुद्रा पाणी पितो. काही वेळाने त्याचा तरंग जातो आणि तो सुटायलाही लागतो, म्हणून ठरावीक वेळाने बदलायचा. हे सगळं वॉकरने लिहून टाकलं. विक्रमाचं आमिष, प्रमाणासकट!

आता आपल्याकडे बघा. या सभागृहात आपल्या पिठात काय घालतो ते खरं सांगणारे किती? हात वर करा. (हशा) तीन. बाकीच्यांच्या शेंगदाणा पेंडीत ओवा आहे की हिंग, हे त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसेल. मला याचं मनापासून वाईट वाटतं. एखादे काका जातात आणि त्यांच्याबरोबर त्या तलावाचं चाळीस वर्षांचं ज्ञान जातं. कुठे खडक, कुठे खोल, पहिल्या पावसानंतर मासा कुठल्या काठाला येतो, सगळं. मग नवा मुलगा पहिलीपासून सुरू करतो.

वॉकर शिक्षणाने इंजिनिअर. महायुद्धात रडारच्या कामावर, नंतर गवत कापायच्या यंत्रांच्या कारखान्यात. त्यामुळे वस्तू बिघडते कुठे, हे तो आधी बघायचा. बेडफर्डशायरमधल्या आर्लसीच्या खोल तळ्यात तो पर्च नावाचा मासा गरवत असे. पर्च संशयी, तोंडात घेतलेल्या आमिषाला ओढ जाणवली की थुंकतो. वजनासाठी आरपार भोक पाडलेलं शिसं वापरलं तर भोकात चिखल शिरतो, तंगूस म्हणजे गळाची दोरी अडकते, पीळही बसतो. वॉकरने नासपतीच्या आकाराचं शिसं ओतलं आणि निमुळत्या टोकाला स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी, बसवलं. तंगूस शिशातून न जाता स्विव्हलच्या कडीतून जातो. शिसं चिखलात, कडी चिखलाच्या वर, आणि माशाने ओढलं की तंगूस मोकळा धावतो. जाड बाजू पुढे राहत असल्यामुळे फेकही लांब जाते. हेच 'आर्लसी बॉम्ब'. रात्री मासा लागल्याची सूचना देणारं विजेचं यंत्रही त्याचंच: तंगुसाने काडी ढकलली की दोन पत्रे टेकतात आणि घंटी वाजते.

१९५३पासून सुमारे तीस वर्षं त्याने दर आठवड्याला मासेमारीच्या साप्ताहिकात लिहिलं. १९८५मध्ये तो गेला, तोवर…

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. सात मिनिटं? बरं, मग मूळ विषय भराभर.

घ्यायची गोष्ट म्हणजे मोजमाप. वॉकर 'ही काठी छान' असं म्हणून थांबत नसे, आकडा सांगत असे. काठीच्या ताकदीचं त्याचं माप म्हणजे टेस्ट कर्व्ह, तो असा: काठीची मूठ टेबलाला आडवी घट्ट बांधा. तंगूस सगळ्या कड्यांतून ओवून टोकाशी ताणकाटा अडकवा. काठीचं टोक मुठीशी काटकोन करेपर्यंत ओढा. काट्यावर दिसेल तो टेस्ट कर्व्ह. त्याची पाचपट म्हणजे त्या काठीला शोभणाऱ्या तंगुसाची ताकद. त्याची स्वतःची 'मार्क फोर' ही कार्पची काठी दीड पौंडाची, म्हणजे साडेसात पौंडांचा तंगूस. किलोत मोजलं तरी गुणोत्तर तेच. तंगूस फार बारीक असेल तर झटका देतानाच तुटतो. फार जाड असेल तर काठी पूर्ण वाकते तरी गळ जबड्यात शिरत नाही. 'मासा मोठा होता, तोडून गेला' असं आपण म्हणतो, त्यातले बरेच मासे मोठे नव्हते. काठी आणि तंगूस यांची जोडी चुकलेली होती.

दुसरं, त्याचा क्रम. आधी मासा शोधा, मग त्याला घाबरवू नका, आमिष त्यानंतर. आपण आमिषापासून सुरू करतो आणि काठावर धपाधपा चालतो. कार्पच्या पोटातली हवेची पिशवी छोट्या हाडांनी कानाला जोडलेली असते. तुमची पावलं त्याला ऐकू येतात.

तिसरं आणि शेवटचं: संघाच्या कार्यालयात एक वही ठेवा. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, खोली, पाण्याचं तापमान, आमिष प्रमाणासकट, काठीचा टेस्ट कर्व्ह. हात रिकामे आले तो दिवसही लिहा. आणि वजन लिहिताना पिशवी आधी ओली करून काट्यावर लावा, काटा शून्यावर आणा, मगच मासा त्यात ठेवा. कोरड्या पिशवीचं वजन वजा केलंत, तर तिने प्यायलेलं पाणी माशाच्या नावावर चढतं.