कॉलेज सोडून एनएचएल: सही कुठल्या महिन्यात, हेच विचारा!

नमस्कार मंडळी. आज बर्फावरची हॉकी, अमेरिकेतली. एनएचएल म्हणजे तिथली सर्वात मोठी व्यावसायिक लीग. मॅकलिन सेलेब्रिनीने एका सीझननंतर बॉस्टन युनिव्हर्सिटी सोडली, तेव्हापासून तुमचा एकच प्रश्न येतोय: ही पोरं शिक्षण अर्धवट टाकून जातात ती कशासाठी?

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण कमेंटमध्ये तो रोज दिसतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल क्लब तरुण खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, नाव आलं म्हणून कॉलेज सोडावं लागत नाही! ओवेन पॉवर 2021 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि तरी मिशिगन युनिव्हर्सिटीत परत जाऊन आणखी एक सीझन खेळला. ड्राफ्टने क्लबला त्या खेळाडूशी करार करायचा हक्क मिळतो, बस. कॉलेजचं दार बंद होतं ते करारावर सही झाल्यावर.

आता खरी गोम. 18 ते 21 वयातला पहिला करार तीन वर्षांचाच असतो आणि पगाराला कमाल मर्यादा असते. मोठा पैसा दुसऱ्या करारात. म्हणजे तीनातलं एक वर्ष जितक्या लवकर संपेल तितकं खेळाडूच्या फायद्याचं. कॉलेजचा सीझन मार्च-एप्रिलमध्ये संपतो, तेव्हा एनएचएलचा सीझन अजून चालू असतो. चालू सीझनपासूनचा करार केला, की उरलेल्या मोजक्या सामन्यांत अख्खं वर्ष खर्ची पडतं.

केल मकारचं बघा. 12 एप्रिल 2019, शुक्रवार: होबी बेकर पुरस्कार, म्हणजे कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा. शनिवारी कॉलेजची फायनल 0-3 ने हरला. रविवारी करार. सोमवारी कोलोराडो या एनएचएल क्लबकडून प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा सामना, आणि त्यात गोल! तीन वर्षांतलं एक तिथेच संपलं.

पण हे सगळ्यांना जमत नाही, वय बघावं लागतं. सहीच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 20 पूर्ण होत नसतील आणि एनएचएलचे 10 पेक्षा कमी सामने झाले असतील, तर करार एक वर्ष पुढे सरकतो, म्हणजे ते वर्ष तीनात धरलंच जात नाही. क्विन ह्यूजने मार्च 2019 मध्ये व्हँकुव्हर क्लबशी सही केली, पाचच सामने खेळला. त्याला 20 पूर्ण झाली 14 ऑक्टोबरला, म्हणून त्याचं वर्ष धरलं गेलं. विसावा वाढदिवस पुढच्या जानेवारीत असता तर नसतं धरलं.

आणि एवढं करूनही एक अडचण उरतेच. करारातलं वर्ष वेगळं, अनुभवाचं वर्ष वेगळं. अनुभवाला किमान 10 सामने लागतात, आणि दुसऱ्या क्लबची ऑफर घेता येते की नाही हे त्यावर ठरतं; ह्यूजचे तर पाचच झाले होते. त्यामुळे 2021 मध्ये ह्यूजचा करार संपला खरा, पण दुसऱ्या क्लबला त्याला ऑफर देता येत नव्हती. बोलणी व्हँकुव्हरशीच!

क्लबला वर्ष घालवायचं नसेल, तर तो करार पुढच्या सीझनपासून लावतो आणि उरलेले आठवडे मुलाला एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालची लीग) ट्रायआउटवर, म्हणजे तात्पुरत्या चाचणी करारावर खेळवतो. म्हणून बातमी वाचताना रकमेच्या आधी करार कुठल्या सीझनपासून सुरू होतो ते बघा.

आणि कॉलेजची चारही वर्षं पूर्ण केली तर? 2016 मधल्या नियमानुसार ड्राफ्ट करणाऱ्या क्लबचा हक्क 15 ऑगस्टला संपायचा. हार्वर्डच्या जिमी व्हीसीने 2016 मध्ये नॅशव्हिलला नकार देऊन तेवढीच वाट पाहिली, आणि न्यूयॉर्क रेंजर्स क्लबकडे गेला.