लाल मोटार आणि गाईच्या गळ्यातली घंटा

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोक मतं देऊन निवडतात आणि कारभारही तोच चालवतो. आज बोलायचंय ते १९१० सालच्या कॅलिफोर्नियातल्या अशा एका निवडणुकीबद्दल.

त्या राज्यात तेव्हा शब्द चालायचा एका रेल्वे कंपनीचा, सदर्न पॅसिफिकचा. शेतमाल तिच्या डब्यांतून जायचा, भाडं ती ठरवायची. आमदार, न्यायाधीश, संपादक यांना ती प्रवासाचे फुकट पास वाटायची. पास खिशात घालणाऱ्या संपादकाचा अग्रलेख मी तरी वाचणार नाही, मग तो कुठल्याही काळातला असो.

या कंपनीविरुद्ध रिपब्लिकन पक्षातर्फे उभे राहिले हायरम जॉन्सन, सॅन फ्रान्सिस्कोचे वकील. एका लाचखोरीच्या खटल्यात सरकारी वकिलावर भर कोर्टात गोळी झाडली गेली. त्यानंतर जॉन्सन यांनी तो खटला हाती घेतला आणि शहराचा पुढारी एब रूफ याला शिक्षा झाली. त्यांचे स्वतःचे वडील, ग्रोव्ह जॉन्सन, मात्र रेल्वेच्या बाजूचे राजकारणी!

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट ऐका. राज्य लांबलचक, प्रचाराला सोय आगगाडीचीच. पण जिच्याशी लढायचं तिच्याच गाडीत कसं बसायचं? जॉन्सन यांनी ठरवलं, रेल्वेत पाय ठेवायचा नाही. त्यांनी लाल रंगाची, उघडी लोकोमोबिल मोटार घेतली. चालवायला मुलगा. रस्ते कच्चे, धुळीचे, आणि कित्येक खेड्यांत मोटार हीच नवलाई. गाव आलं की मोटारीतून गाईच्या गळ्यातली घंटा जोरजोरात वाजवायची. घंटा ऐकून माणसं गोळा व्हायची, आणि जॉन्सन मोटारीत उभे राहून बोलायचे. मुद्दा एकच: सदर्न पॅसिफिकला राजकारणातून हाकलून लावायचं. पुढच्या गावी पुन्हा घंटा, पुन्हा तोच मुद्दा: सदर्न पॅसिफिकला हाकलायचं. ना कर्णा, ना व्यासपीठ. उमेदवाराने असंच माणसांसमोर येऊन उभं राहावं, असं मला फार वाटतं. आणि घंटेवरून आठवलं, आपल्याकडे बैलांच्या गळ्यातल्या घंटाही आता कमी झाल्यात. संध्याकाळी त्या आवाजावरून कुणाची गाडी घरी आली ते कळायचं. असो.

त्या वर्षी आणखी एक नवं होतं. पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांच्या बैठकीत न ठरता पहिल्यांदाच थेट मतदारांनी ठरवला. ऑगस्टमध्ये जॉन्सन यांनी उमेदवारी जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट थिओडोर बेल यांना हरवून ते गव्हर्नर झाले.

ऑक्टोबर १९११ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या स्वतःच्या घटनेतल्या दुरुस्त्यांवर लोकांचं मतदान झालं. स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, तोही जेमतेम साडेतीन हजारांच्या फरकाने. निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्कही मिळाला. तोच हक्क वापरून २००३ मध्ये लोकांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना घरी पाठवलं.

पण एक सांगायलाच हवं, आणि ते मला खुपतं. ज्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नव्हतं अशा परदेशीयांना, म्हणजे मुख्यतः जपानी शेतकऱ्यांना, जमिनीची मालकी नाकारणाऱ्या कायद्यावर याच जॉन्सन यांनी १९१३ मध्ये सही केली. पुढे तिथे शेती करणारे पंजाबी लोकही त्याच कायद्यात अडकले.

नमस्कार.