तपासणीचं टेंडर आणि आज्जीची तृप्ती

(दृश्य: खानापूर स्टँड, सकाळ, पाऊस)

एका पावसाळ्यात आमच्या आज्जीला ऍडमिट केलेलं, दवाखाना कुठला ते जाऊदे, तर डिस्चार्जच्या दिवशी एक पोरगी टॅब घेऊन आली, गळ्यात कुठल्यातरी कंपनीचं कार्ड, सर्व्हेवाली. तिनं विचारलं, "सेवे बग्गे तृप्ती इदेया?", म्हणजे सेवेबद्दल समाधानी आहात काय. आज्जीला कन्नड येतं ते बाजारापुरतं, भाजी घ्यायची, तिकीट काढायचं. त्या वाक्यातला एकच शब्द तिला कळला, तृप्ती, आणि आपल्याकडं तृप्ती म्हणजे पोटभर जेवल्यावरची. आज्जी म्हणाली, व्हय व्हय, आमटी-भात बरा होता. पोरीनं टिक केलं, समाधानी. तिला तरी काय बोलायचं, दिवसाला अमुक इतके फॉर्म भरल्याशिवाय सुटका नसते तिची.

आदल्या रात्री सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं आणि बेल दाबून दाबून कुणी आलं नव्हतं, ते त्या टॅबमध्ये कुठंच गेलं नाही.

(दृश्य: हलग्याजवळचं सुवर्ण विधानसौध, हायवेवरून)

खासगी दवाखान्यांवर लक्ष ठेवायला कर्नाटकात २००७ चा कायदा आहे, केपीएमई म्हणतात त्याला सगळे. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर डीसी म्हणजे जिल्हाधिकारी अध्यक्ष, डीएचओ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी सदस्य सचिव, दवाखान्याची नोंदणी तिथं आणि तक्रार पण तिथंच. २०१७ च्या नोव्हेंबरात या कायद्याच्या दुरुस्तीवरून राज्यभरातले खासगी डॉक्टर बेळगावात उतरलेले, आत विधानसभेचं अधिवेशन चालू, बाहेर आंदोलन आणि गावोगावी ओपीडी बंद, आठवत असेल. कायदा कडक असावा की मऊ यावर तेव्हा लई भांडण झालं पण तपासायला माणसं कुठनं आणायची यावर फारसं कोण बोललं नाही. डीएचओच्या अंगावर लसीकरण, डेंग्यू, सौंदत्तीची यात्रा, सगळंच. मग बाहेरनं माणसं घ्यावी लागतात.

बाहेरनं घ्यायच्या गोष्टी दोन, आणि टेंडरात त्यांची हमखास खिचडी होते. एक रिसर्च, म्हणजे पेशंटसोबत नेमकं काय होतंय आणि का होतंय ते शोधायचं. दुसरी खात्री, ज्याला थर्ड पार्टी ऑडिट म्हणतात, म्हणजे दवाखाना कागदावर जे लिहून देतो तसंच आत चाललंय का ते बघायचं. सरकारी दवाखान्यांना एनक्वासचं, म्हणजे राष्ट्रीय दर्जा मानकांचं, सर्टिफिकेट मिळतं ना, ते दुसऱ्यातलं, बाहेरचे असेसर येतात, वॉर्ड, लेबर रूम, रेकॉर्ड बघतात आणि राष्ट्रीय सर्टिफिकेटला एकूण ७० टक्के मार्क लागतात.

पहिल्यातलं म्हणाल तर दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे आणि तो आपल्याच लोकांना माहीत नसतो याचं मला खरंच नवल वाटतं. २००२ ते २००५, बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतली गावं, एकूण १,६२० बाळंतिणी. प्रश्न एकच होता, बाळंतपणानंतर अती रक्त जातं ते मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी थांबतं का, कारण नेहमीचं इंजेक्शन थंड ठेवायला लागतं आणि खेड्यात फ्रीज कुठला, करंट कुठला. काम इथल्या जे. एन. मेडिकल कॉलेजचं आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाचं, पैसा बराचसा अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी, आणि कुणाला कुठली हे देणाऱ्या नर्सलाही ठाऊक नाही. रक्त अंदाजानं सांगायचं नाही, मापाच्या पिशवीत गोळा करून मोजायचं. अती रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. २००६ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी याच कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

आता बघा, यातलं मोजमाप घरोघरी नि उपकेंद्रावर केलं कुणी, तर खेड्यातल्या नर्सबायांनी, ज्या बाळंतिणीशी तिच्या भाषेत बोलत होत्या. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, पिशवीपेक्षा पण.

(दृश्य: ऑफिसातली फायलींची रॅक)

टेंडरात मात्र उलटं होतं. समजा एका कंपनीला कामाच्या दर्जाचे ९० मार्क आणि तिचा रेट ३० लाख, दुसरीला ६५ मार्क, रेट १८ लाख. नुसता एल वन, म्हणजे सगळ्यात कमी रेट, बघितला तर दुसरी आली. दर्जाला ७० आणि पैशाला ३० असं वजन दिलं, सगळ्यात स्वस्त रेटला पैशाचे पूर्ण ३० आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी, तर पहिलीचे दर्जाचे ६३ अधिक पैशाचे १८, झाले ८१, दुसरीचे साडेपंचेचाळीस अधिक ३०, साडेपंच्याहत्तर, म्हणजे महागडी जिंकली. एवढंच गणित, पण वजन किती धरायचं हे टेंडर निघायच्या आधी एका टेबलावर ठरतं आणि तिथं पेशंट बसलेला नसतो. इंग्लंडचं सीक्यूसी नावाचं नियामक मंडळ २००९ पासून दवाखाने तपासतं, पेशंट सर्व्हेचं काम ते पिकर नावाच्या बाहेरच्या संस्थेकडनं करून घेतं, आणि स्वतः आजारपण काढलेल्या लोकांना पण इन्स्पेक्शनला सोबत नेतं. तरी २०२४ मध्ये सरकारला त्याच मंडळाची बाहेरनं तपासणी करून घ्यायला लागली आणि निष्कर्ष चांगला नव्हता.

आपल्याकडं मी टेंडरातलं कामाचं वर्णन वाचायला लागलो की आधी एकच ओळ शोधतो, विचारणारा माणूस कुठली भाषा बोलणार. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव, या मराठी बोलणाऱ्या भागात ही ओळ नसेल तर नमुना कितीही मोठा घ्या, आमटी-भातच मोजला जाणार. कन्नड नको असं कोण म्हणतंय, गोकाकला कन्नडच पाहिजे. फॉर्म मराठी-कन्नड दोन्हीत पाहिजे, प्रश्न आधी गावात बसून दहा-वीस जणांना विचारून बघायला पाहिजे, आणि "तृप्ती" ऐवजी "रात्री बेल दाबल्यावर कोण आलं काय?" असं विचारायला पाहिजे. टेंडर भरायच्या आधी शंका विचारायला प्री-बिड मिटिंग असते, तिथं कुणीही कंपनी हा मुद्दा काढू शकते, खात्यानं एक शुद्धिपत्रक काढलं की झालं, फार खर्च नाही त्यात.

आणि ज्याची तपासणी त्याच्याच खिशातनं तपासणाऱ्याची फी, हे तर नकोच नको.

भरलेल्या फॉर्मांपैकी काहींना दुसऱ्याच माणसानं परत फोन करून तेच विचारायचं असतं, बॅक-चेक म्हणतात, म्हणजे घरी बसून भरलेले फॉर्म पकडले जातात. आज्जीला तो फोन आला नाही. मी विचारलं, नंबर कुठला दिलीस त्या पोरीला? तिनं पाठ असलेला एकच नंबर घडाघडा म्हणून दाखवला, आमच्या जुन्या लँडलाईनचा, तो कट होऊन कितीतरी वर्षं झालीत.